नकाशातलं भोक

शाळेत मुलं नऊ, नकाशा एक.
माझ्या जन्माआधी कोपनहेगनला छापलेला.
खालच्या कोपऱ्यात कॉफीचा डाग आहे,
पहिलीतल्या प्रत्येकाला ते सरोवर वाटतं.
हिमनदी पांढरी,
म्हणजे तिथं काही छापलेलंच नाही,
नुसता कागद.

दर सप्टेंबरात एक मूल स्टुलावर चढतं
आणि बर्फाची कड पुसून मागे घेतं.
किती मागे, ते टुकुम्मेकच्या बापाला विचारून.
तो तिथं हलिबटसाठी गळ सोडतो,
दोर किती वाव गेला ते त्याला बोटांत कळतं.
पेन्सिल, खोडरबर. पेन्सिल, खोडरबर.
मागच्या वर्षी कागद फाटला.
हिमनदीच्या मुखाशी आता अंगठ्याएवढं भोक आहे
आणि त्यातून भिंतीचा हिरवा रंग दिसतो.

"बाबा काल कागदावरून होडी घेऊन गेले,"
टुकुम्मेक म्हणाली.
कुणी हसलं नाही.

पाठ सातवा. हिमनदीचे भाग.
वर, जिथं पडलेला बर्फ टिकतो.
खाली, जिथं टिकत नाही.
मधली रेषा पुस्तकात ठळक काळी,
बाहेर ती दर उन्हाळ्यात चढण चढते
आणि तिला दम लागत नाही.
पाठीवरची निळी तळी पुस्तकात नाहीत.
रात्रीतून तळाला भेग पडते,
आख्खं तळं पोटात उतरतं, थेट खडकापर्यंत,
आणि एवढी अजस्र हिमनदी
ओल्या फरशीवर पाय सटकावा तशी पुढे सरते.
मग मुखाशी गढूळ तपकिरी उमाळा,
त्यावर पक्ष्यांची झुंबड,
आणि तोफेसारखा आवाज, ज्यानं कुत्रीसुद्धा
हल्ली मान वर करत नाहीत.

परीक्षेत प्रश्न होता : हिमनदीची लांबी लिहा.
पाविआनं लिहिलं, कोणत्या दिवशीची?
मी पूर्ण गुण दिले.
नूकहून आलेल्या साहेबांनी अर्धा कापला.

शुक्रवारी ओडाक येतो, जागांची नावं सांगायला.
कुत्री वळवायची जागा.
खालून पाणी बोलतं ती जागा.
दोघा भावांनी भांडून मग चहा प्यायला ती जागा.
बोट ठेवून दाखवा म्हटलं
की त्याचं बोट भोकाच्या काठाकाठानं फिरतं,
आत जात नाही.

उलटंही झालंय.
ज्याला आम्ही भूशिर म्हणत होतो ते बेट निघालं.
बर्फाचाच काय तो सांधा होता.
काळं, ओलं, दगडफूल न चढलेलं बेट,
कधी कुणाला न दिसलेलं उघडं अंग.
मुलांनी फळाभर नावं सुचवली.
ओडाक म्हणाला,
"आधी तिथं काहीतरी घडू दे.
कुणी घसरू दे, कुणाला सील मिळू दे."

आणि जमीन वर येतेय,
ओढून झाल्यावर पट्टा काढला
की कुत्र्याची पाठ उचलते तशी.
धक्क्याची जी पायरी माझ्या लहानपणी पाण्यात होती
तिच्यावर आता बायका मासे साफ करतात.

"म्हणजे समुद्र कमी होतोय?" टुकुम्मेकनं विचारलं.
इथं हो.
"मग एवढं वितळलेलं जातं कुठं?"

पृथ्वीचा गोल आमच्याकडे नाही, फुटबॉल आहे.
मी तो टेबलावर ठेवला, वर खडूचा ठिपका, आपण.
खडूची भुकटी उतरत उतरत
तिचं बोट पार पलीकडे गेलं, पोटाच्या फुगीरावर,
जिथं शिवण थोडी उसवलीय, तिथं थांबलं.

"इथं कोण राहतं?"

घंटा होऊन गेली होती.
आठ मुलं बुटांच्या नाड्या बांधत होती.
विचारून सांगते, मी म्हणाले.
ती बोट न उचलता उभी राहिली.